पन्नास बोटं आणि एक रंधा मशीन

आमच्या शॉपवर येणारा पाहुणा चहा येईपर्यंत गप्प बसत नाही. भिंतीला हा लोहचुंबक कशाला टांगलाय? टेबलाला हा चावा कुणी घेतला? दाराशी एवढ्या खुंट्या कशाला? एकाचं उत्तर द्यायला जावं, तर मागून कुणीतरी ओरडतं, "वैनी, ते दुसरं सांगा की!" मग दुसरं सांगायचं. त्याच्यातून तिसरं निघतं. असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. रोज काम करणारी चार माणसं एका छपराखाली आली की ते आपोआप साठत जातात.

रंधा मशीनच्या खोक्यातून एक माहितीपुस्तिका आली होती. ती आमच्यापैकी कुणीही धड वाचली नाही. त्यातला एकेक नियम आम्ही एकेका किश्श्यातून शिकलो. पाच माणसांची पन्नास बोटं अजून जागच्या जागी आहेत, म्हणून हे हसत सांगता येतं!

आमचं पॅटर्न शॉप शिरोली एमआयडीसीत आहे. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा उठवावा लागतो. तो उठवायला लाकडाची हुबेहूब वस्तू लागते, तिला पॅटर्न म्हणतात. ते आम्ही करतो. माझे यजमान विलास फौंड्र्यांमध्ये हिंडून कामं आणतात, शॉपचं सगळं मी बघते. इराप्पा अण्णा आमचे सगळ्यात जुने मिस्त्री, सीमेकडचे. घरात कानडी, शॉपवर मराठी, आणि राग आला की दोन्ही. सलीमभाई दुसरे मिस्त्री, हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख. आणि शांताक्का. शिरोळकडच्या जैन घरातल्या. पॅटर्नला लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, घासणं, रंग देणं त्यांच्याकडं. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. अण्णा एकटेच 'तंगी' म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण.

*

मशीन आलं तो दिवस.

तोवर सगळं काम हातरंध्यावर चालायचं. अण्णांनी मशीनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, हात जोडले. मग देवदाराची एक फळी घेतली आणि बटण दाबलं. पहिलाच हात असा गुळगुळीत गेला की अण्णांनी फळीवर गाल टेकवून बघितला!

खुशीत त्यांनी बटण सोडलं आणि हातरंधा ठेवतात तसं मशीन टेबलावर ठेवून दिलं.

बटण सोडलं म्हणजे मशीन थांबलं, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं होतं. पण आतला पात्यांचा ड्रम अजून गरगरत होता. पात्यांनी टेबलाची फळी पकडली आणि मशीन आपलं आपण चालायला लागलं!

अण्णा दोन पावलं मागं.  बैलावर ओरडावं तसे ओरडले, "निल्लो! ए, निल्लो!" म्हणजे थांब.

मशीन टेबलाच्या पार कडेला जाऊन एकदाचं थांबलं. मागून सलीमभाई शांतपणे म्हणाले,

"अण्णा, कानडी कळत न्हाय त्याला. मराठीत सांगा!"

टेबलाचा चावा तो. तेव्हापासून बटण सोडलं तरी ड्रमची घरघर पूर्ण थांबेपर्यंत मशीन दोन्ही हातांत धरून उभं राहायचं, असा दंडकच आहे. अण्णा तेवढ्या वेळात देवाचं नाव घेतात.

*

सलीमभाईंना जुना साग म्हणजे जीव की प्राण. कुठं जुनं घर उतरवतायत असं कानावर आलं की हे तुळया बघायला हजर. एकदा अशाच चार तुळया त्यांनी आणल्या.

"लाकूड बघा वैनी, नुसतं सोनं हाय!"

"खिळे?" मी विचारलं.

"एक बी न्हाय. माझी गॅरंटी!"

दुसऱ्या का तिसऱ्या हाताला खट्ट आवाज आला आणि मशीनखालून ठिणगी उडाली. लाकडात खोल मोडलेला एक खिळा निघाला. पात्याचा बारकासा टवका उडाला होता, तिळाएवढा.

"एवढ्यानं काय हुतंय?" म्हणत सलीमभाईंनी त्याच पात्यानं काम पुरं केलं.

पातं जिथं तुटलेलं असतं तिथं लाकूड कापलं जात नाही. म्हणून फळीवर केसासारखी एक उभी रेघ शिल्लक राहते. एरवी अक्कांनी ती हाताला लागताच घासून काढली असती. पण त्या दिवशी त्या भाच्याच्या बारशाला गेल्या होत्या. पॅटर्न घाईत रंगवला आणि गेला फौंड्रीत.

पुढच्या आठवड्यात फौंड्रीच्या सुपरवायझरचा फोन. विलासनी तो स्पीकरवर टाकला.

"अहो, तुमच्या पॅटर्नच्या हरेक कास्टिंगवर एक रेघ उठालीया. ड्रॉइंगमधी तर न्हाय. ही कसली रेघ म्हणायची?"

 सलीमभाई हळूच म्हणाले,

"सही हाय म्हणावं आमची!"

पॅटर्न परत आला, अक्कांनी रेघ घालवली. आता पात्यांचं काय? सलीमभाईंचं म्हणणं, दोन पात्यांतलं एक तर चांगलं आहे, तुटलेलं तेवढं बदलू. अण्णांनी त्यांच्या पायांकडं बघितलं.

"एक चप्पल नवी आन् एक झिजलेली घालून चालतोस व्हय रं?"

दोन्ही पाती बदलली, एका पातळीत बसवली, मगच मशीन चालू झालं. अक्कांनी घरच्या बिघडलेल्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून आणला. जुनं लाकूड आलं की आधी तो दोरीनं त्याच्यावरून फिरवतात. सलीमभाईंची गॅरंटी त्यानंतर!

*

माझं माहेर चंदगडचं, धो धो पावसाचं. त्यामुळे ओल म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. पण ओल्या लाकडाचा छिलपा रंधा मशीनच्या तोंडात कसा बसतो, हे मात्र इथंच बघितलं.

एका पावसाळ्यात पाइनच्या फळ्या दमट आल्या होत्या. छिलपा बाहेर पडायच्या तोंडात गच्च चिकटून बसला. सलीमभाईंनी मशीन थांबवलं, उलटं केलं आणि उजवा हात मुठीवर तसाच ठेवून डाव्या हाताचं बोट आत घालायला निघाले. प्लग बोर्डात तसाच. अंगठा बटणाच्या शेजारी.

"सलीम! बोट!"

अक्का एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारच्या लेथवरचा माणूस डोकावून गेला. सलीमभाईंनी हात मागं घेतला. मग स्वतःची दहाही बोटं एकेक करून मोजली. 

मी त्याच दिवशी सांगून टाकलं, "मशीन साफ करायचं, पात्याला हात लावायचा, तर आधी प्लग काढायचा. आणि नुसता काढायचा नाही, जो साफ करतोय त्याच्या खिशात पाहिजे प्लग. छिलपा ब्रशनं काढायचा, नाहीतर काडीनं."

सलीमभाईंनी हे फारच मनावर घेतलं. थोड्याच दिवसांनी ते प्लग खिशात घालून मशीन साफ करत असताना फोन वाजला. लाकडाचा टेंपो दाराशी येऊन थांबला होता. हे फोन कानाला लावून बोलत बोलत निघाले. वायर ताणली. मशीन टेबलावरून घसरून भुशाच्या पोत्यावर पडलं, तिथून जमिनीवर, आणि सलीमभाईंच्या मागोमाग सरपटत पार दारापर्यंत गेलं. यांना पत्ता नाही!

टेंपोवाल्यानं खाली वाकून बघितलं.

"पावणं, शेळी कुठं चालवलीया?"

*

हा किस्सा लहान आहे, पण सलीमभाई समोर असले की आवर्जून सांगायचा.

मशीनचा बेल्ट घासून गेला होता. मोटर फिरायची, ड्रम मधेच थांबायचा. नवीन बेल्ट मिळायला वेळ लागणार होता. सलीमभाईंचे मेहुणे कबनूरला पॉवरलूमवर आहेत. हे तिथून कसलातरी पट्टा कापून घेऊन आले आणि दोरा-सोल्युशन लावून जोडला.

"ओरिजनलपेक्षा भारी चालतंय बघा!"

चाललं खरं. तासाभरानं जळका वास सुटला आणि मशीनमधून खटाक-खटाक, खटाक-खटाक असा आवाज यायला लागला. अण्णांनी हातातलं काम ठेवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले,

"सलीम, ते लाकूड तासालंय का धोतर इणालंय?"

बेल्ट काढून टाकला. कंपनीचा येईपर्यंत सगळं काम हातरंध्यावर झालं.

*

आता फेट्याचं. हे विलासना आवडत नाही, म्हणून ते फौंड्रीत गेले की सांगते.

माझ्या पुतण्याचं लग्न होतं. त्याच दिवशी एक पॅटर्न फौंड्रीला पोचायचा होता. कार्यालयात जाता जाता विलास शॉपवर डोकावले. अंगात कोट, डोक्याला गुलाबी कोल्हापुरी फेटा, शेमला पाठीवरून कमरेपर्यंत. पॅटर्नची एक कड त्यांना जरा उंच वाटली.

"एक हात मारतो फक्त."

"अहो, फेटा काढा आधी," मी म्हटलं.

"एकच हात गं!"

कडेवर वाकले तसा शेमला खांद्यावरून घसरून पुढं आला आणि फळीवर पडला. मशीन त्याच्यावर गेलं.

मला दिसलं ते एवढंच, की विलासचं डोकं खाली ओढलं गेलं. मी बोर्डाकडं धावले. प्लग ओढला तेव्हा मशीनचा आवाज आधीच बसला होता. फेटा हातानं बांधलेला होता, टाचणीनं पक्का केलेला नव्हता, म्हणून डोक्यावरून सुटून आला. ड्रमनं कापड गिळलं, बेल्ट घसरला आणि मशीन कोंडलं. विलासच्या हातातून बटण कधी सुटलं, ते त्यांना अजून आठवत नाही.

ते उभे होते. केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. कपाळावर साधा ओरखडाही नव्हता, तरी मी तीनतीनदा हात फिरवून बघितला.  अण्णांनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि पाणी पिऊन होईपर्यंत खांद्यावरचा हात काढला नाही.

अक्का मशीन उघडून ड्रमला गुंडाळलेलं गुलाबी कापड चिमट्यानं ओढत होत्या. चिंध्यांचा ढीग झाला. त्याच्याकडं बघत त्या म्हणाल्या,

"मालक, फेटा गेला, डोकं ऱ्हायलं. सौदा वाईट न्हाय झाला!"

सगळ्यात आधी विलासच हसले. मग मी रडले.

लग्नात ते बोडक्यानं फिरले. फेटा कुठं म्हणून ज्यानं त्यानं विचारलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, नदीच्या पुलावर वारा लई होता, उडाला. दाराशी खुंट्या तेव्हा ठोकल्या. ओढणी, मफलर, उपरणं, गळ्यातलं ओळखपत्र, जे लोंबतंय ते तिथं अडकवायचं आणि मगच आत यायचं. कोटाच्या लांब बाह्यासुद्धा दुमडायला लावते मी. विलास काही न सांगता दुमडतात.

*

एके दिवशी अक्का म्हणाल्या, "अण्णा, मला बी मशीन शिकवा. मी चालवतो की."

"जड हाय तंगी."

"पाण्याची घागर काय हलकी असती व्हय?"

 शिकवणी सुरू झाली. फळी आधी शिकंज्यात आवळायची. दोन्ही मुठी दोन्ही हातांत. वायर खांद्यावरून मागं टाकायची, म्हणजे पात्याखाली यायची नाही. डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क. मशीनला आधी हवेत पुरता वेग घेऊ द्यायचा, मग लाकडाला टेकवायचं. आणि एका दमात जाड काप घ्यायची हाव नको, पातळ पातळ दोन-तीनदा घ्यायचा.

अक्का सगळं करायच्या, पण फळीची दोन्ही टोकं खोलगट व्हायची. मध्ये उंच, टोकांना खड्डा. दोन दिवस असंच चाललं. अक्का रडकुंडीला आल्या. लांबी भरताना ज्यांच्या बोटांना नखाएवढी उंची कळते, त्यांना आपल्याच फळीवर हात फिरवायची लाज वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीनकडं बघितलंच नाही. खाली मान घालून घासत बसल्या.

अण्णा मशीन घेऊन त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"ऊठ. माझंच चुकलं. दाब कसा द्यायचा ते सांगितलंच न्हाय तुला. सुरवातीला पुढच्या मुठीवर जोर. मधी दोन्हीवर सारखा. लाकूड संपत आलं की पुढचा सोडायचा आन् मागच्या मुठीवर द्यायचा. बघ आता."

अक्कांनी मशीन फिरवलं. टोकापर्यंत सरळ गेलं. ड्रम थांबेपर्यंत त्या मशीन धरून उभ्या राहिल्या, मग गॉगल वर केला.

"कळलं अण्णा. हे आमच्या नवऱ्यासारखं हाय. लगीन ठरताना पुढं पुढं, काम सांगितलं की मागं मागं!"

अण्णा एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

*

आणि हा किस्सा अण्णांचा आवडता. आलेल्या प्रत्येकाला ते सांगतात. पण मी तो आधी मला दिसला तसा सांगते.

उन्हाळा होता. दुपारचं जेवण झाल्यावर सलीमभाई एका लांब फळीवर मशीन चालवत होते. सारखं बटण दाबून बोट दुखतं म्हणून त्याच्या बाजूला एक छोटी कळ असते. ती लावली की बटण दाबलेलंच राहतं. सलीमभाईंनी ती लावली होती. मध्येच लाइट गेली. मशीन थांबलं. त्यांनी ते टेबलावर आडवं ठेवलं आणि आम्ही सगळे बाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन बसलो.

अण्णा आतच राहिले. स्टूल टेबलाजवळ ओढून, टेबलावर हात पसरून, दंडावर डोकं ठेवून ते झोपले.

बऱ्याच वेळानं अक्का पाणी प्यायला उठल्या. मीही त्यांच्या मागून गेले. दारातच त्या थांबल्या. काय झालं म्हणून मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. अण्णांचा उजवा हात झोपेत पुढं सरकला होता. मशीनचा तळ त्यांच्याकडं होता, आणि त्यांची बोटं पात्यांच्या अगदी समोर होती. बटण आत दाबलेलं होतं, म्हणजे लाइट आली की पाती फिरणार.

मी हाक मारणार होते. अक्कांनी मागं न बघताच माझं मनगट धरलं. हाक ऐकून अण्णा दचकले असते, हात कुठंही गेला असता.

अक्कांनी चपला काढल्या. भिंतीच्या कडेकडेनं, छिलप्यावर पाय न वाजवता त्या बोर्डापर्यंत गेल्या. वाकल्या. प्लग काढला. तो हातात घेऊन त्या सरळ उभ्या राहतायत, तोच डोक्यावरचे पंखे फिरायला लागले आणि शेजारचा लेथ घरघरला.

वाऱ्यानं अण्णा जागे झाले. डोळे चोळले, टेबलावरचं मशीन उचललं.   मग त्यांना अक्का दिसल्या, प्लग हातात घेऊन उभ्या.

"प्लग कुणी काढला गं?"

"मीच काढला, अण्णा."

"का?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. तिथं सलीमभाई उभे होते. ते कधी आले, मला कळलं नव्हतं. त्यांचे डोळे त्या लावलेल्या कळीवर होते.

"चुकून," अक्का म्हणाल्या.

"चुकून? लाइट आलीया, काम खोळंबलंय, आन् हिनं प्लग काढून ठेवलाय! सारखं काढून-घालून सॉकेट ढिला हुतोय, किती येळा सांगितलं? लक्ष कुठं असतंय तुझं, तंगी?"

"चुकलं अण्णा."

त्या पुढं आल्या. अण्णांच्या हातातून मशीन घेतलं, लावलेली कळ सोडवली, बटण बाहेर आलेलं बघितलं, मशीन परत दिलं आणि जाऊन प्लग लावला. अण्णा पुटपुटत कामाला लागले.

आता कुणी नवीन माणूस शॉपवर आलं, गप्पा निघाल्या, की अण्णा खुर्ची पुढं ओढतात आणि हसत हसत सांगतात, "आमची तंगी कामाला वाघ, पर लई धांदरट! एकदा काय केलं ठावं हाय? मी आपला घटकाभर डोळा लावला, तर हिनं चालू कामातला प्लगच काढून टाकला! विचारलं का, तर म्हणती, चुकून!"

पाहुणा हसतो. अण्णा त्याच्याहून मोठ्यानं हसतात. अक्का खाली मान घालून लांबी कालवत राहतात.

आणि सलीमभाई, जे कुणाचाही किस्सा मध्ये तोडल्याशिवाय राहत नाहीत, ते उठतात, कोपऱ्यावर जातात आणि फक्त अक्कांसाठी चहा घेऊन येतात.